उतरलेला बाजार

"मंदी आलीया, म्हणून सांगते," वैजयंतीबाई एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "गाळा आत्ता नको घेऊ."

"आधी बघ तरी, आई. मग बोल." हर्षालीने मांडीवरची पिशवी सावरली.

राजुरीहून जुन्नरला निघालेली गाडी अर्धी रिकामी होती. बाजाराच्या दिवशी गाडी रिकामी. वैजयंतीबाईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

तीस वर्षं त्या राजुरीत ब्लाउज शिवत आल्या होत्या. पेपरवाल्यांना जे उशिरा कळतं ते आपल्याला बायकांच्या पिशवीतून आधी कळतं, असं त्या म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. टोमॅटोचा भाव पडला त्या वर्षी व्यापारी रडायला लागायच्या आधीच बायकांनी नवं कापड आणणं थांबवलं होतं.

यंदाही तेच चाललं होतं. जानकाबाईच्या घरात लग्न, तरी ती नुसत्या साड्या घेऊन आली, फॉल लावायला.

"आन ब्लाउज गं?" वैजयंतीबाईंनी विचारलं होतं.

"आवंदा नको, बाई. मंदी हाय नव्हं. हायेत तेच वापरू म्हनलं." जानकाबाईचा आवाज जरा पडलेला होता. लग्नघरच्या बाईला असं सांगावं लागतं, याचं वैजयंतीबाईंना वाईट वाटलं. मग दुसरी आली, तिसरी आली. कुणाला हूक लावून हवा, कुणाला परकराची नाडी बदलून हवी. नवं कापड कुणाच्याच हातात नाही.

एकदा बघायला लागलं की खुणा सगळीकडे दिसतात. बिस्किटाचा पुडा हातात हलका लागत होता. किराणावाला दुकानात नीट दिवा लावेनासा झाला होता. कापडांचे रंग मेले होते. पांढरं म्हणून यायचं तेही पिवळट. गिरणीवाले रंगात काटछाट करतात, दुसरं काय? आणि माणसं तर तोंडसुद्धा चुकवायला लागली होती. परवा सरूबाई पाराजवळून सरळ निघून गेली, हूं की चूं नाही. हात आखडला की माणूस ओळखही आखडतो, असं वैजयंतीबाई घरी येऊन म्हणाल्या.

मंचरला शिवणाचा कोर्स करून आल्यापासून तीन वर्षं हर्षाली आईच्याच मशीनशेजारी बसत होती. आईचं काम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी एकदा हातात घ्यायची, कुठं टाका उसवायची, पुन्हा घालायची. पोरीचा हात बसतोय, म्हणून वैजयंतीबाई तिला करू देत. पण आता घरात शिवणाऱ्या दोघी होत्या आणि काम एकीपुरतंही नव्हतं. हर्षालीला जुन्नरच्या पेठेत स्वतःचं दुकान हवं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलंच नव्हतं.

गाळ्याचा मालक भिमाजी शटर उघडून उभाच होता. त्याने चावी हर्षालीच्या हातात दिली. "या मावशी! तुमच्या लेकीपायी थांबवून ठेवलाय. पन आज काय ते सांगा. दुसरी पार्टी सकाळपास्नं फोन करून जीव खातीय."

हर्षाली आत शिरली आणि भराभर बोलायला लागली. "इथं मशीन. इथं आरसा. ह्या कोपऱ्याला पडदा लावला की माप घ्यायला जागा. बघ ना, आई."

वैजयंतीबाईंनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. "रंग कधी दिलाय ह्याला?"

"परवाच की, मावशी."

"परवाचा रंग असा मळकट? पानी घातलं असंल कामगारानं. बघ गं, मालकाचाबी हात आखडलाय."

भिमाजीने भिंतीकडे बघितलं, मग हर्षालीकडे. "मावशी लई कडक हायेत, राव," तो हसून म्हणाला.

"पोरी, ऐक," वैजयंतीबाई म्हणाल्या. "येताना अख्खी पेठ बघितली. एका दुकानात धड उजेड न्हाई. मालावर तेज न्हाई. ह्या दिवसात दुकान टाकणं म्हंजी पेरणी करून पावसाची वाट बघणं. वर्षभर थांब."

"तीन वर्षं थांबलेच की."

"मग अजून एक."

हर्षालीने आरशाच्या जागेकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी घेणार नाही. पण तू नीट बघितलंस ना सगळं?"

"ह्या डोळ्यांनी बघितलं. तुझ्या वाईटावर हाय का मी?"

हर्षालीने चावी भिमाजीच्या हातावर ठेवली. त्याने मान हलवली, शटर खाली ओढलं आणि तिथेच फोन लावला. "घ्या शेठ, गाळा तुमचा," असं म्हणत तो पेठेतून चालायला लागला.

हर्षाली पायरीवर बसली. रडली नाही, नुसती बसली. ते वैजयंतीबाईंना जास्त लागलं. आपण बरोबर आहोत हे पोरीला दुसऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल, असं त्यांना वाटलं. शेजारच्या साडीच्या दुकानाच्या दारात एक बाई उभी होती, पदर नीट घेतलेली, चांगल्या घरची.

"ओ बाई," वैजयंतीबाई तिच्यापुढे जाऊन म्हणाल्या, "तुमीच सांगा माझ्या लेकीला. धंदा हाय का आता?"

बाई काही बोलली नाही.

"न्हाई ना? माझं बी तेच म्हणणं." त्या लेकीकडे वळल्या. "बघ. बिचारीला तोंडातून शब्द काढवंना, असं दिवस आलंत."

हर्षाली पायरीवरून उठली. जवळ आली, आणि कितीतरी वेळ आईच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "ती बाहुली आहे. साडी नेसवून दारात ठेवलेली."