वेणूबाईंची वेळ

"मॅडम, पहाटे कोणी यायच्या आधीच सीट तापून बसलेली असते. तेवढं बिल तुमची कंपनी भरणार आहे का?" शंभूने मोबाईल स्पीकरवर टाकून बेसिनवर ठेवला आणि तो कमोडशेजारी वाकून बटणं न्याहाळू लागला.

पलीकडची मुलगी शांतपणे सांगत होती, की हे वीज वाचवण्यासाठीच आहे. सीट दिवसभर तापत नाही. घरातलं कोण कोणत्या वेळी येतं ते ती शिकते आणि तेवढ्यापुरतीच तापते.

हॉलमध्ये तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या वेणूबाईंना हसू आलं. पहाटेची ती वेळ त्यांचीच होती. वर्ध्याकडच्या त्यांच्या गावात बायकांनी उजाडायच्या आत शेताच्या बांधाला जाऊन यायचं. उजेड पडला, की मग अंधार होईपर्यंत पोट दाबून बसायचं. नवरा गेला, गाव सुटलं, लेकांच्या मागे पुण्याला येऊनही वर्षं झाली, तरी पोट अजून त्या अंधाराचंच ऐकत होतं.

ही सीट बसवल्यावर एका पहाटे ती आधीच उबदार लागली, तेव्हा त्या दचकून उठल्या होत्या. कोणीतरी नुकतंच बसून गेलं असणार. सकाळी त्यांनी शंभूला विचारलं, तू उठला होतास का रे? तो चहा पिता पिता हसला. म्हणाला, आई, मशीनला तुझी वेळ पाठ झाली.

उभ्या जन्मात त्यांची वेळ कोणी विचारली नव्हती. म्हातारीला भरून आलं.

आणि तिथेच त्या चुकल्या. दोघा भावांनी आईची वाटणी केली होती: दोन महिने वाघोलीत शंभूकडे, दोन महिने बिबवेवाडीला थोरल्या रंगरावकडे. रंगरावकडे संडास गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत एक, आणि उकिडवं बसायचं. गुडघे गेलेल्या बाईने भिंतीला धरून कसं उठायचं, ते तिचं तिने बघायचं. एवढी महागाची वस्तू कोणी दोन महिन्यांच्या पाहुणीसाठी घेत नाही, असा वेणूबाईंनी हिशेब केला. त्यांनी पिशवीतली लुगडी काढून कपाटात लावली. थोरल्या सुनेला, चंपाला, फोन करून जरा ठसक्यातच सांगितलं, की माझी खाट काढून टाक, तुमची अडगळ जाईल. धाकट्याने माझ्यासाठी गरम बैठक बसवली आहे. चंपाने खाट त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिली. असल्या कामात ती आळस करत नसे.

दोन महिने आज भरत होते. या घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. म्हणून वेणूबाईंनीही काढला नव्हता. शेंगा त्या उद्याच्या आमटीसाठी सोलत होत्या.

"अरे, ते पहाटेचं बंद कसं करायचं ते विचार ना," प्रियदर्शनी ओट्यापाशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली. "आई आज दादांकडे गेल्या की त्या वेळी कोण उठणार आहे इथे?"

वेणूबाईंची बोटं थांबली.

फोनवरच्या मुलीने ते ऐकलं असावं. "काही करावं लागत नाही, सर. थोडे दिवस त्या वेळी कोणी बसलं नाही, की सीट आपोआप विसरते."

"थोडे दिवस तरी फुकट कशाला जाळायची? आजच विसरायला लावा."

"त्या वेळी वापरणारं घरात कोणी नाही ना, सर? एकदा विचारावं लागतं."

शंभूने दारातून हॉलकडे पाहिलं. आई तिथेच होती, मांडीवर ताट, हातात अर्धी सोललेली शेंग.

"नाही," तो म्हणाला. "आजपासून कोणी नाही."

मग फोनवरच्या मुलीने सांगितलं तसं त्याने बटण दाबून धरलं. बारीकसा आवाज झाला आणि काम झालं.

बाहेर येऊन तो हात पुसत म्हणाला, की जेवण झालं की निघू, कॅब सांगितली आहे. दोन महिन्यांचं ठरलेलंच होतं. ते खोटंही नव्हतं, म्हणूनच वेणूबाईंना रागवायलाही जागा उरली नाही. रागापेक्षा त्यांना लाजच जास्त वाटली. लेकरागत आपण हुरळून गेलो, याची लाज.

"आणि वहिनी विचारत होती," शंभूने जाता जाता म्हटलं, "खाली गादी चालेल ना तुला?"

"न चालून काय करते?" वेणूबाई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर त्यांनी लुगडी पुन्हा पिशवीत भरली. सोललेले दाणे डब्यात घालून सुनेला दिले आणि उद्या आमटी कर म्हणून सांगितलं. कॅब खाली येऊन थांबली. बिबवेवाडी लांब, रस्त्याला गर्दी, म्हणून त्या भिंत धरत संडासात गेल्या.

सीट गार होती. थंडीचे दिवस, ते गारपण थेट हाडांत शिरलं. त्या तशाच बसून राहिल्या.

बराच वेळ झाला तेव्हा शंभू दाराशी आला. त्याच्या आवाजात खरंच काळजी होती. "आई, गार लागत असेल. बाजूचं बटण दाब, लगेच तापेल."

"राहू दे बाबा," त्या आतून म्हणाल्या. "उगाच पुन्हा ध्यानात ठेवील."