तळ्यापलीकडे

चेंडू तळ्यात पडला नाही.

गोल्फच्या मैदानावर चौघेही कान देऊन उभे राहिले. ‘डुबुक’ असा आवाज यायला हवा होता. दर रविवारी यायचा. आज चेंडू पाण्यावरून गेला, पलीकडच्या गवतावर एक टप्पा घेतला आणि झेंड्याजवळ जाऊन बसला, जसा काही तिथेच लहानाचा मोठा झाला होता.

“गेला,” ठेकेदार म्हणाला.

“कुठे?” वकिलाने विचारलं. डोळ्यांदेखत गेलेली गोष्टही त्याला पुराव्याशिवाय पटत नाही.

“पलीकडे.”

दातांचा डॉक्टर वळला. आता कुणीतरी थाप मारणार म्हणून त्याने पाठ तयार ठेवली होती. थाप आली नाही.

या तळ्यात त्याचे इतके चेंडू गेले होते की पाणी वीतभर वर चढलं होतं. एका पाणकोंबडीने त्यातला एक अंडं समजून महिनाभर उबवला, असं ठेकेदार सांगे, आणि ठेकेदार खोटं बोलतो ते फक्त बांधकामाबद्दल. म्हणून डॉक्टरचं नाव पाणबुड्या. पहिला चेंडू तळ्याला त्याचा द्यायचा, म्हणजे बाकीच्यांचे सुखरूप पार होतात, अशी तिघांची समजूत. तो वाकला की वकील सुरू व्हायचा, “लेका, पोहायची चड्डी आणलीस का?” काठी वर गेली की ठेकेदार बेसूर गाणं धरायचा, आणि ठेकेदाराचा मेहुणा नाक दाबून बुडी मारल्याचं सोंग करायचा. एरवी गोल्फमध्ये दुसरा कुणी फटका मारत असताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. पण हा नियम खेळणाऱ्यांसाठी. पाणबुड्याला खेळणाऱ्यांत धरलंय कुणी? चेंडू बुडाला की थर्मास उघडायचा, आणि चहा संपेस्तोवर त्याची यथेच्छ धुलाई चालायची.

आणि डॉक्टरला वाटायचं, ही मंडळी एक दिवस आपल्याला कंटाळणार. चौथा म्हणून कुणी बरा खेळणारा धरून आणणार. मग रविवारचं काय करायचं? आठवडाभर त्याच्यापुढे माणसं बसायची ती आ वासून. तो पाऊसपाण्याचं बोलायचा, ती “आँ” म्हणायची. घरी तर “आँ” म्हणायलाही कुणी नव्हतं.

म्हणून वर्षभर त्याने गुपचूप घाम गाळला. दोन्ही काखांत टॉवेल धरून काठी फिरवायची. टॉवेल निसटला की फटका चुकला. दवाखान्यातसुद्धा, पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंत तो हाच उद्योग करी. काखेत टॉवेल आणि हातात लोखंडी काठी घेतलेला डॉक्टर पाहून एका बाईची दाढ जागच्या जागी बरी झाली, ती पुन्हा म्हणून दुखली नाही.

“चहा घेऊ या ना?” डॉक्टरने विचारलं.

“आता कशाला?” ठेकेदार म्हणाला. “तुमचा चेंडू कुठे बुडालाय?”

थर्मास पिशवीतच राहिला. मग मेहुण्याने मारला, ठेकेदाराने मारला. दोघांचेही कसेबसे पलीकडे गेले. शेवटी वकील. तळं बहुधा आपला हक्क सोडायला तयार नव्हतं.

डुबुक.

डॉक्टरचा चेहरा उजळला. “वकीलसाहेब,” तो म्हणाला, “पोहायची चड्डी आणलीत का?”

मेहुणा हसणार होता, पण दाजींकडे बघून त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती.

“वारा होता,” वकील म्हणाला.

वारा नव्हता. झेंडा धुतलेल्या फडक्यासारखा लोंबत होता. तरी डॉक्टर घाईघाईने म्हणाला, “होता, होता. मलाही जाणवला.”

झेंड्यापाशी पोचल्यावर त्याला वाटलं, एवढा शेवटचा, चेंडू भोकात ढकलायचा फटका तरी चुकावा. पण वर्षभर शिकवलेले हात ऐकतात होय? चेंडू सरळ भोकात गेला. मेहुण्याने दोन टाळ्या वाजवल्या, सभेत वाजवतात तशा. मग चौघे चालू लागले. डॉक्टर मागे रेंगाळला, तर तिघेही अदबीने थांबले. तो पुढे झाला, तर तिघे अंतर राखून मागे आले.

पुढच्या ठिकाणी पहिला फटका मारायचा मान जिंकणाऱ्याचा.

“या डॉक्टर,” वकील बाजूला होत म्हणाला. “मान तुमचा.”

डॉक्टरने चेंडू ठेवला. वाकला. काठी उचलली आणि पुन्हा खाली टेकवली.

“काय झालं?” ठेकेदाराने विचारलं.

“काही नाही. बोला की कुणीतरी.”

“छे छे! तुम्ही मारताय ना.”

“म्हणून काय झालं? मला सवय आहे.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती हो,” वकील म्हणाला, आणि त्याने हात पाठीमागे बांधले.

डॉक्टरने पुन्हा काठी उगारली. इतकी शांतता पसरली की गवत वाढल्याचं ऐकू यावं. तेवढ्यात ठेकेदाराच्या घशात काहीतरी खवखवलं. खरीखुरी उबळ होती ती.

“दाजी!” मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला. “श्श!”

ठेकेदाराने रुमाल तोंडात कोंबला. तो लाल झाला, मग जांभळा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने आवाज काढला नाही.

डॉक्टर काठी खांद्याच्या वर धरून तसाच उभा होता. चेंडूकडे डोळे लावून, ठेकेदाराचा खोकला बाहेर पडायची वाट बघत.