तीसचा बोर्ड

"पट्टा घट्ट बांधू की सैल, साहेब?" सिस्टरनं विचारलं.

चौकशीला आलेले साहेब स्वतः खात्री करायला रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवर आडवे पडले होते, फाईल छातीशी धरून. "बांधा काय ते," ते म्हणाले. "आणि ड्रायव्हर, तुझं शास्त्र दाखव एकदाचं."

बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवून ड्रायव्हरनं हे ऐकून घ्यायचं. गुन्हा काय, तर दवाखान्याच्या सिमेंट रस्त्यावर तीसचा बोर्ड असताना त्यानं पंचेचाळीसनं गाडी नेली. आरोप सिद्ध झाला की नोकरी गेली. त्या रस्त्यावर ठेकेदारानं दर आठ पावलांवर सांध्याचा उंचवटा ठेवलाय, मापून ठेवावा तसा. तीसनं गेलं की स्प्रिंगा वर यायला आणि पुढचा सांधा लागायला एकच गाठ पडते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावं, तसं. दर सांध्याला गाडी आणखी उसळते. पंचेचाळीसला चाकं खालच्या खाली काम उरकतात, पेशंटला पत्ता लागत नाही. रांगत नेली तरी चालतं, पण मग पेशंट वाटेतच जातो. हे त्यानं साहेबांना चारदा सांगितलं होतं. साहेबांनी जांभई दिली होती.

त्यानं काटा बरोबर तीसवर धरला. पाचव्या सांध्याला फाईल उडाली. दहाव्याला साहेब पट्ट्यासकट वर उचलले जाऊ लागले.

"मणका जाईल माझा. वाढव, वेग वाढव."

"बोर्ड तीसचा आहे, साहेब."

"बोर्ड गेला खड्ड्यात."

त्याला वाटलं, शेवटपर्यंत तीसनंच न्यावं. घ्या म्हणावं पोटभर. हाडं मोडलेल्या ज्या पेशंटांना घेऊन मी याच रस्त्यानं जातो, त्यांना कोण विचारतं? पण मागून कण्हणं आलं, खरंखुरं, आणि बावीस वर्षांच्या पायाला ते सोसेना. पाय आपोआप खाली गेला. काटा पंचेचाळीसवर आला आणि गाडी तळ्यातल्या होडीसारखी चालू लागली.

"असं होय," साहेब हळूच म्हणाले.

ड्रायव्हरच्या मनात आलं, सुटलो.

दवाखान्याच्या दारात साहेब उतरले. कपडे झटकले, चुरगळलेली फाईल बॉनेटवर सरळ केली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'माझ्या समक्ष चालकाने वेगमर्यादा मोडली. आरोप सिद्ध.'