गोठ्यातली कपबशी

वडनेरच्या शाळेत हेमराज सर बावीस वर्षं इतिहास शिकवत होते, पण पोरं हल्ली मोहिनी मॅडमच्याच मागे. अमेरिकेत काळ्या लोकांसाठी नळसुद्धा वेगळे असत, त्याच्या जुन्या बातम्या मॅडमनी वर्गात वाचून दाखवल्या आणि मुलांनाच वार्ताहर करून गावात धाडलं, "आपल्याकडे काय वेगळं होतं, विचारून या."

मुलांच्या भित्तिपत्रकापुढे गर्दी जमली, तसं सरांच्या पोटात दुखू लागलं. चुका काढायच्या म्हणूनच ते वाचायला गेले. पहिलीच मुलाखत त्यांच्या आईची, प्रमिलाबाईंची होती. 'दलित मजुरांच्या कपबश्या आम्ही गोठ्यात वेगळ्या ठेवत होतो. चहा मीच वरून ओतायची. आता लाज वाटते.' खाली सातवीतल्या आचलचं नाव. आईनं हे त्या पोरीला सांगितलं, हेच सरांना जास्त झोंबलं.

घरी येताच त्यांनी विचारलं, "आई, हे मले काऊन नाई सांगितलं कधी?"

"तू कधी इचारलंच नाई," तुरीच्या शेंगा सोलता सोलता प्रमिलाबाई म्हणाल्या. "ते पोरगी उद्या पुन्हा येनार हाये. तुले आयकाचं असन त बसजो तिच्या बाजूले."