डांबराविषयी अभिप्राय

"नव्या रस्त्याबद्दल आपला अभिप्राय कळवावा." रस्ते विभागाच्या या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. नावं ठेवणारे आपण कोण, असं त्यांना वाटे.

आज जावयाची मागून आणलेली गाडी त्याच रस्त्यावरून नेली आणि उखडलेलं डांबर उन्हात पाघळून दारांवर उडालं. रॉकेल झालं, खोबरेल झालं, नखं झिजली; डाग काही जागचे हलेनात.

"अहो, रंग निघेल, पण डांबर निघायचं नाही!" बायको करवादली. "आता जावईबापूंना काय तोंड दाखवायचं?"

काळ्या बोटांनीच त्यांनी उत्तर लिहिलं आणि तडक पेटीत टाकलं.

"आपले डांबर अतिशय चिवट आहे. पुढील वेळी थोडे रस्त्यालाही लावावे, ही नम्र विनंती."