आई कुणाची?

दुकानाची दोन्ही दारं आतून लावली होती. एक डोंगरवाल्यांच्या गल्लीत उघडणारं, दुसरं दर्यावाल्यांच्या. दोन्हीकडे माणसं जमलेली. आत शिलाईच्या यंत्रापाशी ताई, तिचा धाकटा भाऊ आणि समोर आईचं चरित्र लिहिणारा लेखक.

चौकात आईचा पुतळा बसायचा होता. लढाईच्या दिवसांत शत्रूच्या छावणीतली धुणी धुता धुता तिने खबरा आणल्या, हे सगळ्यांनाच मान्य होतं. ती कुणाच्या रक्ताची, इथे गाडं अडलं होतं.

"अहो, आई डोंगरातली," भाऊ म्हणाला. "मला कुशीत घेऊन सांगितलंय तिनं. पेपरवाल्यांनाही मी तेच सांगितलं."

"म्हणून तर दारात ही जत्रा भरलीय, शहाण्या!" ताई म्हणाली.

लेखक कपाळ चोळत होता. "पाववाला म्हणतो, ती वाळवंटातली. डॉक्टरीणबाई शपथेवर सांगतात, रानातली."

"आमची आई एकच होती ना हो?" भावाने विचारलं.

"तिच्या हेरांच्या टोळीतला एक म्हातारा अजून आहे. काल भेटलो त्याला, तर हसायलाच लागला. म्हणाला, ती प्रत्येकाला वेगळं कूळ सांगायची. वर बजावायची, फक्त तुलाच सांगतेय हं. मग त्यातलं एखादं बाहेर कानावर आलं, की तिला कळायचं, कोण फुटलं."

भावाचा चेहरा उतरला. "पण मी तर पोटचा..."

ताईचा हात कानाकडे गेला. आपण दर्यावरच्या गं बाळ, भावालाही सांगू नकोस. कानाशी आलेला तो ऊन श्वास तिला अजून आठवत होता. त्याच्यावर तिने सारा जन्म काढला होता. खारा वारा सुटला की माहेरचं माणूस दारात आल्यासारखं वाटायचं तिला.

"मावशी," लेखक पुढे झुकला, "तुम्ही थोरल्या. तुम्हाला काय सांगितलं होतं? तुम्ही म्हणाल ते छापतो, घोळ मिटवून टाकतो."

दर्याकडच्या दारावर थाप पडली. "ताई, बोला! आम्ही आहोत पाठीशी!" त्यासरशी दुसरं दारही धडधडलं. ह्यांच्याच लेकीसुनांचे कपडे शिवून तिचे डोळे अधू झाले होते. एक नाव घेतलं की दुसरं दार कायमचं बंद. गप्प राहिलं तर दोन्ही.

"सांगून टाक ना, ताई," भाऊ काकुळतीला आला. "आईला जाऊन किती वर्षं झाली! आता कुणाला कळणार आहे?"

"आईला," ताई म्हणाली.

आणि तिने टाचण्यांची डबी पुढे ओढली, मूठभर टाचण्या ओठांत धरल्या, अर्धवट शिवलेला एक फ्रॉक मांडीवर पसरला. दोन्ही दारांच्या कड्या वाजत राहिल्या.