वरून येणारा आवाज

"मला नाही जमणार गं," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय मागे घेतला.

समोर एमआरआयचं यंत्र होतं. पांढरं, चकचकीत, मधोमध एक भोक. माणूस जेमतेम आत सरकेल एवढंच. गेल्या खेपेला त्या इथवर येऊन परत फिरल्या होत्या आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून रडल्या होत्या. आज सून क्षिप्रा सुट्टी टाकून सोबत आली होती.

"मम्मी, तुमचा डावा पाय बधिर होत चाललाय. हे केल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावणार नाहीत. आणि तुमच्या हार्टमुळे नुसत्या तपासणीसाठी भूल द्यायला ते तयार नाहीत."

"कळतंय मला. पण कळून भीती जाते का?"

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीत सगुणाबाईंच्या इमारतीचा स्लॅब कोसळला, तेव्हा त्या आणि त्यांचे पती दौलतराव दोघंही स्वयंपाकघरात होती. बाहेर काढलं तेव्हा एकट्या सगुणाबाई जिवंत होत्या. तेव्हापासून त्या दार उघडं टाकून झोपायच्या. चर्चला जाणंही सुटलं होतं. पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "बाई, प्रभू त्या अंधारातही तुमच्याजवळ होता. तोच सांत्वन करील, तोच बळ देईल." सगुणाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "जवळ होता, तर एक शब्द का बोलला नाही?"

"आजी, आत ठोकल्यासारखा आवाज येईल, मोठा," मशीनवरची मुलगी, करिश्मा, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवत म्हणाली. "हा रबरी फुगा हातात धरा. अगदीच सहन नाही झालं तर दाबा, लगेच बाहेर काढते."

सगुणाबाई आडव्या झाल्या. फळी आत सरकली. छत नाकाशी येऊन थांबलं. डोळे मिटले तर अंधार झाला. उघडले तर ते छत. "प्रभू..." जुन्या सवयीनं ओठांवर आलं, पण पुढचे शब्द काही येईनात. अंगठा फुग्यावर गेला.

आणि आवाज सुरू झाला. ठक्. ठक्. ठक् ठक् ठक्.

सगुणाबाईंचं अंग लाकडासारखं ताठ झालं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. खाली ढिगाऱ्यात, हातातला दौलतरावांचा हात गार पडल्यावर, वरून असाच आवाज यायला लागला होता. दर घावाला तोंडात माती पडायची. स्लॅब आणखी खाली येतोय असं वाटायचं. "थांबव! प्रभू, हे थांबव!" घसा बसेपर्यंत त्या ओरडल्या होत्या. त्यानं थांबवलं नव्हतं. एवढंही ऐकलं नाही म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

फुगा अर्धा दाबला गेला.

पण ते घाव घालत होतं कोण? अग्निशमन दलाची पोरं. स्लॅब फोडून ती सगुणाबाईंपर्यंत पोचायला धडपडत होती. देवानं सगुणाबाईंचं ऐकलं असतं, तो आवाज बंद पाडला असता, तर त्या तिथंच राहिल्या असत्या.

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं. पण आजवर ते नुसतं कानावर पडलं होतं. आज, त्या भोकात निपचित पडल्यावर, ते आत उतरलं.

अंगठा सैल पडला. भीती मात्र तसूभर हलली नाही. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं आणि पुसायला हात वर होत नव्हता.

यंत्र एकदम थांबलं. चिडीचूप. ही शांतता त्या आवाजाहून वाईट होती.

"आजी, बरं वाटतंय ना?" हेडफोनमधून करिश्माचा आवाज आला. "अजून थोडं बाकी आहे. की थांबवू?"

"नको, थांबवू नकोस," सगुणाबाई घाईनं म्हणाल्या.

बाहेर आल्या तेव्हा अंगातला गाऊन घामानं भिजला होता. क्षिप्रानं त्यांना बाकावर बसवलं, पदरानं तोंड पुसलं, पाणी पाजलं.

"झालं बघा, मम्मी. आता ऑपरेशनची तारीख मिळेल."

ऑपरेशन म्हटल्यावर सगुणाबाईंचा चेहरा पुन्हा उतरला. रिकामा ग्लास त्यांनी क्षिप्राच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मला आत नेतील ना, तेव्हा तू बाहेर माझ्यासाठी प्रार्थना कर."

क्षिप्रा गोंधळली. ती ठाकुर्लीच्या, गणपती बसवणाऱ्या घरातली. "मी? मला तुमची प्रार्थना कुठं येते?"

"मला तरी कुठं येते आता? भीती वाटते, एवढंच सांग त्याला," सगुणाबाई म्हणाल्या. "मीही आत तेच सांगेन."